ड्युटीवर लुटताना मार लागला तर तो कामावरचा अपघात धरतात का? माझा अनुभव

पेट्रोल पंप, वाइन शॉप, चोवीस तास चालणारं मेडिकल, ढाबा, टोलनाका, अशा ठिकाणी रात्री पैसे सांभाळत उभं राहणाऱ्यांसाठी लिहितोय. मारहाण कशी झाली ते थोडक्यात सांगतो, त्यानंतर दवाखाना, पोलीस स्टेशन आणि ईएसआयसी (पगारातून पैसे कापून कामगारांचा विमा चालवणारं सरकारी महामंडळ) यांच्यात काय काय झालं ते जास्त सांगतो कारण त्याबद्दल कोणी काही सांगत नाही, ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं.

डिसेंबर २०२४ ची गोष्ट. पुण्याच्या बाहेर हायवेला लागून आमचा पंप आहे, माझी रात्रपाळी होती. अडीच-पावणेतीनच्या सुमारास एका बाइकवर तिघं जण आले, तोंडाला रुमाल, पण थंडीत सगळेच बांधतात त्यामुळे त्यात काही वेगळं वाटलं नाही. दोनशेचं टाक म्हणाला, मी सवयीप्रमाणे झिरो बघा म्हणलं आणि नोझल लावणार तेवढ्यात मागच्याने जॅकेटमधून कोयता काढला. कमरेची बॅग मागितली. मी देत होतो, खरंच देत होतो, पण बेल्टचा क्लिप अडकला आणि त्याला वाटलं मी टाळाटाळ करतोय. वार डोक्यावर आला होता, डावा हात मधे गेला म्हणून डोकं वाचलं. डिझेलच्या बाजूला उभ्या असलेल्या पोराला दांडक्याने मारलं. बॅग आणि माझा मोबाईल घेऊन गेले. आता दिवसभर सगळे स्कॅन करून पैसे देतात पण रात्री ट्रकवाले रोख देतात त्यामुळे बॅगेत चौदा हजारांच्या आसपास होते.

आमच्याकडे एक वयस्कर काका आहेत, वीस-बावीस वर्षं पंपावरच काढलेली. त्यांनी गमछा आवळून बांधला, ११२ ला फोन केला, आणि ओळखीच्या टेम्पोत घालून मला सरकारी दवाखान्यात नेलं. जवळचं प्रायव्हेट हॉस्पिटल होतं पण तिथे ड्रेसिंग करून पुढे जा म्हणाले, हाताच्या मागच्या बाजूला बोटं सरळ करणाऱ्या शिरा तुटल्यात, हाताचा सर्जन लागेल.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, डॉक्टर, पंपावर ड्युटीवर होता, लुटायला आले त्यांनी मारलं, असंच लिहा, ड्युटीवर हा शब्द लिहा. डॉक्टर जरा वैतागले, रात्रीचे तीन वाजून गेलेले, पण लिहिलं. एमएलसीच्या, म्हणजे पोलीस केसची दवाखान्यात जी नोंद होते तिच्या, कागदावर ते तीन-चार शब्द होते म्हणून पुढचं सगळं शक्य झालं असं आज मला वाटतं. काकांना हे कुठून माहीत तर आधीच्या एका पंपावर एकाला असाच मार लागला होता आणि कागदावर नुसतं मारहाण लिहिलं होतं, त्या माणसाला नंतर एक रुपया मिळाला नाही.

तिथेच भिंतीवर बोर्ड होता, डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, महाराष्ट्राचा २०१० चा कायदा. स्ट्रेचरवर पडून मी तो परत परत वाचत होतो. चांगलाच कायदा आहे, त्यांना पाहिजेच, रोज मार खातात बिचारे. पण पंपावरच्या, हॉटेलातल्या, दारूच्या दुकानातल्या माणसासाठी असा वेगळा बोर्ड कुठेच नाही. कामाच्या ठिकाणच्या हिंसेबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार आहे, नंबर १९०, २०१९ चा, त्यावर भारताने अजून मंजुरीची सही केलेली नाही हे मला नंतर वकिलांकडून कळलं.

सकाळी मालक आले. पहिला प्रश्न कॅश किती गेली. दुसरा प्रश्न पोलिसांना फोन कोणी केला. मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही, ऑपरेशनच्या आधीची औषधं त्यांनीच आणून दिली, पण त्यांच्या डोक्यात एकच होतं की पंपाचं नाव पेपरात येईल आणि तेल कंपनीचे लोक चौकशीला येतील. मी ईएसआयचा विषय काढला तर त्यांचा अकाउंटंट म्हणाला ही मारामारीची केस आहे, अपघात नाही, मशीनमध्ये हात गेला की अपघात, इथे गुन्हेगाराने मारलंय तर भरपाई गुन्हेगाराकडून घ्यायची. हे वाक्य त्यानंतर मी इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकलं की काही दिवस मलाही ते खरं वाटायला लागलं.

माझा पगार तेव्हा साडेपंधरा हजार. ईएसआयचे ०.७५ टक्के, सव्वाशेच्या आत-बाहेर, दर महिन्याला कापले जायचे आणि मालक ३.२५ टक्के भरायचा. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला हे लागू असतं. ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयचं ओळखपत्र, घरात डब्यात पडून होतं, बायकोने ते शोधून आणलं.

पोलिसांचं सांगतो. जबाब घ्यायला हवालदार दवाखान्यात आले, माझा उजवा हात चांगला होता म्हणून सही तरी करता आली. पहिल्यांदा त्यांनी जे लिहिलं त्यात अनोळखी इसमांनी किरकोळ वादातून मारहाण केली असं होतं. मी म्हणलं साहेब वाद कसला, बॅग नेली, मोबाईल नेला, कोयता होता, सीसीटीव्हीत सगळं आहे. मग डीबीचे, म्हणजे पोलीस स्टेशनच्या तपास पथकाचे, एक पीएसआय आले, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि नीट फिर्याद लिहून घेतली. पेपरवाले सरसकट दरोडा लिहितात, पण कायद्याने दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात, तिघं असतील तर ती जबरी चोरी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०९, त्यात दुखापत केली असेल तर पोटकलम ६, शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा जन्मठेप होऊ शकते. आणि लुटताना गंभीर दुखापत केली तर कलम ३११, त्यात कमीत कमी सात वर्षं.

इथे गंभीर की साधी हे दवाखान्याच्या दुखापत प्रमाणपत्रावर ठरतं आणि ते पोलिसांच्या यादीवरून, म्हणजे त्यांच्या लेखी मागणीपत्रावरून, दवाखाना देतो. बऱ्याच वेळा पहिल्या दिवशीच्या कागदावर साधी असं येतं कारण तेव्हा आतलं किती तुटलंय ते कळलेलं नसतं. माझं तसंच झालं. जुन्या कायद्यात २० दिवस नेहमीचं काम करता आलं नाही तर गंभीर धरायचे, नव्या संहितेत ते १५ दिवस केलंय, शिवाय अवयवाची ताकद कायमची कमी झाली तरी गंभीर. ऑपरेशनच्या नोट्स आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स घेऊन बायको पोलीस स्टेशनला गेली, परत यादी पाठवायला लावली, दवाखान्यातून सुधारित प्रमाणपत्र आलं तेव्हा कुठे ३११ लागलं. बसून राहिलो असतो तर कोणी आपणहून केलं नसतं. एफआयआरची कॉपी मात्र फुकट द्यावीच लागते, ती लगेच मागून घ्या, पुढे प्रत्येक खिडकीवर तीच मागतात.

आता ईएसआयसी. हे जरा लांबेल.

कामावर इजा झाली की मालकाने अपघात वहीत, म्हणजे फॉर्म ११ मध्ये, नोंद करायची आणि २४ तासांत फॉर्म १२ चा अपघात रिपोर्ट ऑनलाइन पाठवायचा असा नियम आहे. कामगाराने किंवा त्याच्या वतीने कोणीही तोंडी सांगितलं तरी ती खबर धरतात. आमच्याकडे वहीच नव्हती आणि रिपोर्ट कोणी पाठवला नाही. मी टाके घेऊन आमच्या भागातल्या ईएसआय दवाखान्यात गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं पण आजारपणाचं. अपघात रिपोर्ट नाही तर मी कामावरची इजा लिहू शकत नाही म्हणाले. फरक खूप मोठा आहे. आजारपणात रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के आणि वर्षाला ९१ दिवसांची मर्यादा, त्याला आधीचं ठराविक दिवसांचं योगदान भरलेलं लागतं. कामावरची इजा धरली तर ९० टक्के, बरं होईपर्यंत मिळत राहतं, आणि कामाचा पहिलाच दिवस असला तरी हक्क असतो. शिवाय हात कायमचा अधू राहिला तर पुढची कायमची रक्कमही त्यावरच मिळते, आजारपणात ती मिळतच नाही.

मी मालकांना परत विचारलं, त्यांनी परत तेच, अपघात नाही. मग गावाकडच्या ओळखीने लेबर कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकिलांना भेटलो. माणूस देवासारखा, फी घेतली नाही, चहा पाजला आणि एक गोष्ट सांगितली ती मी जशीच्या तशी लक्षात ठेवलीय. १९१० साली इंग्लंडमध्ये एक कॅशियर खाणीतल्या मजुरांचा पगार घेऊन रेल्वेने चालला होता, त्याला लुटून मारून टाकलं. मालक म्हणाला खून आहे, अपघात कसा. कोर्ट म्हणालं मारणाऱ्याच्या बाजूने तो खून असेल पण त्या कॅशियरच्या बाजूने बघा, त्याचं कामच असं होतं की त्यात हा धोका होता, म्हणून अपघात. तोच निकाल आपल्या सुप्रीम कोर्टाने २००० साली एका ऑटोरिक्षा ड्रायव्हरच्या केसमध्ये वापरला, प्रवासी म्हणून बसलेल्यांनी रिक्षा पळवायला त्याला मारून टाकलं होतं. मारायचाच हेतू असेल तर तो साधा खून, पण चोरी करताना मारलं तर तो अपघाती खून, आणि भरपाई द्यायला लावली. वकील म्हणाले तुझं तर याच्यापेक्षा सोपं आहे, तू मालकाची बॅग कमरेला बांधून मालकाच्या पंपावर उभा होतास. तेव्हाच्या ईएसआय कायद्याचं कलम ५१अ पण दाखवलं, काम करत असताना इजा झाली की ती कामामुळेच झाली असं धरून चालायचं, उलट पुरावा असेल तर तो समोरच्याने द्यायचा.

त्यांनी एक पानाचं पत्र मराठीतच लिहून दिलं. खाली जोडलेली कागदं अशी, एफआयआर, एमएलसी ज्यात ड्युटीवर लिहिलंय, त्या महिन्याची हजेरी, पगाराची स्लिप, घटनास्थळ पंचनाम्याची कॉपी. एक प्रत ईएसआयसीच्या शाखेत आवक शिक्का मारून दिली आणि एक मालकांना रजिस्टर पोस्टाने. शिक्का मारून घेणं फार महत्त्वाचं, नाहीतर पत्र आलंच नाही म्हणतात. शाखेतल्या मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या रिपोर्ट मालकाने पाठवला नाही म्हणून तुमचा हक्क जात नाही, आम्ही चौकशी करू. त्या खरंच पंपावर आल्या, काकांचा आणि डिझेलवाल्या पोराचा जबाब घेतला, मालकांना समोर बसवून फॉर्म १२ भरून घेतला. मालकांनी पण मग काही कुरकुर केली नाही, उलट मला म्हणाले आम्हाला अकाउंटंटने जे सांगितलं ते आम्ही धरून चाललो. असेल. पण तोपर्यंत घरात पैसा नव्हता, पोराची शाळेची फी थकलेली, बायकोने दोन घरची स्वयंपाकाची कामं धरली होती.

मंजूर झाल्यावर मागचं सगळं फरकासकट खात्यावर आलं, दिवसाला साडेचारशेच्या वर, रविवार धरून. त्यासाठी दर काही दिवसांनी दवाखान्यातून सर्टिफिकेट आणायचं, पहिलं, मधली आणि शेवटी फिटनेसचं फायनल, मधे खंड पडू द्यायचा नाही. आणि तेव्हाच्या ईएसआय कायद्याप्रमाणे हे पैसे चालू असताना मालक कामावरून काढू शकत नव्हता, कलम ७३. मला हे माहीत होतं म्हणून नवीन माणूस ठेवलाय आता तुझी गरज नाही असं निरोप आल्यावर मी घाबरलो नाही, कलम लिहून पाठवलं.

गेलेल्या रोख रकमेबद्दल पण सांगतो कारण हे प्रत्येक पंपावर होतं. मालकांनी चौदा हजार आम्हा दोघांच्या पगारातून हप्त्याने कापायचं ठरवलं होतं. असं करता येत नाही. कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तरच, आणि त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच कपात करता येते, जुन्या पगार कायद्यात हेच होतं आणि २०१९ ची वेतन संहिता, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही हेच आहे. कोयता समोर असताना बॅग दिली याला कोणी निष्काळजीपणा म्हणू शकत नाही. डिझेलवाला पोरगा भीतीने पहिला हप्ता देऊन बसला होता, तो त्याला परत मिळवून दिला, याचा मला माझ्या पैशापेक्षा जास्त आनंद आहे.

पकडले गेले तिघंही. दोघं एकोणीस-वीसचे आणि एक अल्पवयीन, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं. ओळख परेडला मला येरवडा जेलमध्ये बोलावलं. आत पोलीस नसतात, नायब तहसीलदार आणि पंच असतात, आरोपीसारख्याच दिसणाऱ्या वयाच्या पोरांच्या रांगेत त्याला उभं करतात. बॅग ओढताना एकाचा रुमाल खाली आला होता, त्याचा चेहरा मी विसरणं शक्यच नव्हतं, पण रांगेसमोर उभा राहिलो तेव्हा माझे पाय लटपटत होते, बांधलेला हात आपोआप डोक्याकडे गेला. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, खाली बघत होता. मला राग येईल असं वाटलं होतं पण तो आमच्या गल्लीतल्या पोरांसारखाच दिसत होता, हे मला आजपर्यंत पचलेलं नाही.

झोपेचं कोणी विचारत नाही. हाताचे टाके सगळे बघतात. मागून बाइक स्लो झालेली ऐकली की अंगाला घाम यायचा, दुकानात सुट्टे पैसे मोजताना हात थरथरायचा, पोरावर विनाकारण ओरडायचो. फिजिओथेरपीच्या मॅडमनीच ओळखलं, त्यांनी १४४१६ नंबर दिला, टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तिथून ईएसआयच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दिलेला कागद पण फाइलला लावा, मार फक्त हाडा-मांसाला लागत नाही आणि पुढे अर्जात त्याचा उपयोग होतो. माझा एक मित्र डिलिव्हरी करतो, त्याला गेल्या वर्षी सोसायटीच्या गेटवर चौघांनी मारून मोबाईल आणि पैसे नेले. त्याला ईएसआय नाही, मालक कोण तेच नाही, ॲपमध्ये तक्रार टाकली तर उत्तर म्हणून सॉरीचा मेसेज. तो चौथ्या दिवशी सुजलेल्या तोंडाने परत रस्त्यावर, कारण घरी बसून कोण देणार. माझी लढाई कागदाची होती पण निदान कागद होता.

फायनल सर्टिफिकेटनंतर मेडिकल बोर्डासमोर गेलो. तिथे कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतात. कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे, अख्खी तर्जनी गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, करंगळी किंवा तिच्या शेजारचं ७ असं. माझं बोट तुटलेलं नाही पण दोन बोटं पूर्ण सरळ होत नाहीत आणि पकड कमी झालीय, अशा वेळी बोर्ड स्वतः तपासून ठरवतं. डायनॅमोमीटरवरचे पकडीचे रिपोर्ट फिजिओकडून आधीच घेऊन ठेवले होते ते कामाला आले. बोर्डाने ९ टक्के धरले. महिन्याला साडेबाराशेच्या आसपास येतात, पण आयुष्यभर येणार. कमी वाटलं तर अपील करता येतं, मी केलं नाही, डॉक्टरांनी नीट बघितलं होतं.

आता मी त्याच पंपावर दिवसपाळीला आहे, ऑफिसात, स्टॉकची नोंद, डिप आणि डेन्सिटी, म्हणजे टाकीतल्या तेलाची पातळी आणि घनता, बघतो. रात्रपाळीला बॅगेत तीन हजारांच्या वर ठेवायचे नाहीत, वरचे लगेच तिजोरीच्या फटीतून आत टाकायचे, किल्ली पंपावर ठेवायचीच नाही आणि तसा बोर्ड बाहेर दिसेल असा लावायचा, हे आम्ही सगळ्यांनी मिळून मालकांकडून करून घेतलं. क्लिपवाले बेल्ट काढून टाकले, आता नुसतं वेल्क्रो आहे, ओढलं की निघतं.

दोषारोपपत्र दाखल होऊन केस सेशन्स कोर्टात गेलीय, माझी साक्ष व्हायची आहे. मोबाईल सापडला, तो मुद्देमालात आहे, कोर्टात अर्ज करून सोडवून घ्यावा लागेल. वकिलांच्या सांगण्यावरून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित भरपाई योजनेचा अर्ज पण दिलाय, बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९६ खाली, आरोपी सापडले नसते तरी हा अर्ज करता आला असता, त्याला खटल्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असं कलमात आहे. ती मुदत उलटून गेलीय, बोलावणं आलेलं नाही, सोमवारी सुट्टी टाकून आवक नंबर घेऊन परत जाणार आहे.